सरांचं नाक

सरांना कशाचाच वास येत नसे. मी त्यांच्याकडे नोकरीला लागले त्याच आठवड्यात एका सकाळी ऑफिसचं दार उघडलं, तर आत गॅसचा असा दर्प कोंडला होता की डोळ्यांतून पाणी आलं. सर कोपऱ्यातल्या शेगडीपाशी उभे होते. एकदा फडताळात, एकदा खिशात हात घालून काहीतरी शोधत होते.

"काय शोधताय, सर?"

"लायटर. चहा टाकतोय. घेणार ना?"

मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात आणलं. ते अजिबात घाबरले नव्हते. खालच्या साडीच्या दुकानातला माणूस वर बघून काय झालं म्हणून विचारत होता, आणि सर माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणत होते, "कसा येतोय वास? सांगा ना."

"कुजलेल्या कोबीसारखा."

"कालच्या कोबीसारखा की परवाच्या?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. पगार मला नमुने गोळा करण्याचा आणि फोन उचलण्याचा मिळायचा, पण खरं काम ते होतं.

ऑफिस जळगावात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण गल्लीत सगळे 'थुंकीवाल्यांचं ऑफिस' म्हणत. लग्नाची मुलंमुली मोबाईलवरच्या अॅपवर नाव नोंदवत. मग आम्ही त्यांना प्लास्टिकच्या दोन नळ्या द्यायचो. त्यांत लाळ भरून परत करायची. एक नळी पुण्याच्या प्रयोगशाळेत जायची, दुसरी आमच्या फ्रिजमध्ये राहायची. प्रयोगशाळेत त्या लाळेतली जनुकं तपासत आणि तुमचं कोणाशी जुळतं ते अॅपवर कळायचं. पडद्यावर एक गोल यायचा. जुळणी जितकी चांगली तितका तो भरत जायचा.

सर पूर्वी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आलेल्या आईबापांना ते खुर्चीत बसवून सांगत, "तुम्ही गोत्र वेगळं बघता ना? हे शरीराचं गोत्र. आजारांशी लढणारी जनुकं प्रत्येकाची निराळी. त्यांच्यामुळेच प्रत्येकाच्या अंगाला निराळा वास असतो. ज्याची आपल्याहून खूप वेगळी, त्याचा वास आपल्याला ओढून घेतो. आपल्याला कळतही नाही. आपण म्हणतो, मुलगा पसंत आहे." लोकांना हे पटकन पटायचं. किती खरं, किती खोटं, हे मला मायक्रोबायॉलॉजी शिकूनही ठरवता आलं नाही. सरांना मात्र यात काडीची शंका नव्हती.

ऑफिसात अत्तर, पावडर, गजरा, काही चालत नसे. मुलाखतीला येणाऱ्या मुलींनी त्या दिवशी साबण न लावता आंघोळ करावी असा त्यांचा निरोप मलाच द्यावा लागे. पारोळ्याच्या एक बाई त्यावरून मुलीला घेऊन उठून गेल्या होत्या. माणसं गेली की सर दार लोटून घेत आणि माझ्यासमोर बसत. "हं. मुलाचा वास?"

"घाम. खोबरेल तेल. थोडा ओल्या कापसासारखा."

"ओला म्हणजे पावसाने की दवाने?"

चांगला किंवा वाईट हे शब्द त्यांना चालत नसत. मी डोळे मिटून आठवायची आणि सांगायची. ते मान खाली घालून ऐकत, एखाद्या आंधळ्याने बाहेरचं वर्णन ऐकावं तसं. हळूहळू मला याची सवय जडली. रिक्षात, बसमध्ये, भाजीबाजारात शेजारच्या माणसाचा वास मी मनातल्या मनात शब्दांत मांडायला लागले. आई म्हणाली, "तू हल्ली माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीस." खरं होतं ते.

फ्रिज उघडताना सर आत बघून नमस्कार म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करतात. मग एकदा मी दुधाची पिशवी त्यात ठेवायला गेले तर म्हणाले, "तिथे नको. आत माणसं आहेत." फ्रिजकडे पाठ करून ते कधी बसत नसत. आणि फोटो बघत नसत. अॅपवर मुलंमुली हौसेने फोटो टाकत, सर बोटाने ते पुढे सारत. "चेहरा काय, तो फोटोतही असतो," म्हणत.

त्यांचा वास कोरोनात गेला. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, सरांचा आलाच नाही. ताप उतरल्यावर काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांची बायको. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. दुपारी सरांचा डबा घेऊन त्या स्वतः दोन मजले चढून यायच्या.

"त्या दिवशी सकाळी मी त्यांना उठवायला गेले," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून हे मला 'अगं' म्हणायचे. त्या दिवशी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, 'तुम्ही चहा घेतला का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, घेतला. मला वाटलं, तापाचा परिणाम. जाईल."

तो गेला नाही. सर काकूंशी अहो-जाहो करूनच बोलत राहिले. भांडण नाही, तिरसटपणा नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त अदब. काकू खोलीत आल्या की जरा सावरून बसायचे. डबा घेताना म्हणायचे, "तुम्हाला उगीच त्रास." काकू गेल्यावर एकदा मी न राहवून विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "चेहरा तिचाच आहे. आवाज तिचाच. कामाची पद्धतही. या बाईंनी सगळं फार बारकाईने उचललंय. पण ती नाही."

"सर, तुमचं नाक गेलंय. काकू त्याच आहेत."

"तुम्ही असं म्हणता कारण तुमच्याकडे नाक आहे," ते म्हणाले. "मी वास घेऊन ओळखायचो हे मला तरी कुठे माहीत होतं? वास गेला आणि घरात एक अनोळखी बाई उरली. चांगली आहे हो. पण मी तिला ओळखत नाही."

वेडे म्हणावं, तर बाकी सगळं व्यवस्थित होतं. बँकेत जायचे, वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे, पुण्याच्या लोकांशी तावातावाने भांडायचे. तेवढी एकच फळी निसटली होती.

ऑफिस सुरू केलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी स्वतःची आणि काकूंची लाळ पाठवली होती. उत्तर आलं, त्यात गोल जवळजवळ रिकामाच होता. नखाएवढी कोर. सरांनी जेवताना तो मोबाईल काकूंपुढे धरला.

"म्हणजे काय?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे आपलं जुळत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. "भात वाढू का?"

हे मला सरांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "बघा. माझी बायको असती तर रडली असती."

मूलबाळ नव्हतं त्यांना. घरात दोघंच. त्या घरात रोज संध्याकाळी काय होत असेल, याचा विचार मी करायचं टाळायचे.

एरंडोलची एक मुलगी आमच्याकडे नोंदवलेली होती. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिला बरीच स्थळं येऊन गेली होती आणि तिने सगळी नाकारली होती. कारण विचारलं तर तिला धड सांगता यायचं नाही. "सगळं ठीक असतं. फक्त जवळ बसलं की उठावंसं वाटतं," एवढंच. सरांना ती फार आवडायची. "हिचं नाक जागं आहे," ते म्हणायचे.

एका दुपारी तिचा गोल भरला. पूर्ण, काठोकाठ. आम्ही असा कधीच बघितला नव्हता. मुलगा धुळ्याचा होता, देवपूर भागातला, एका कंपनीत मशीनवर काम करणारा. सरांनी खाली जाऊन केळीचे वेफर्स आणले, मला दिले, साडीच्या दुकानात वाटले. मग फ्रिज उघडून त्या दोघांच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

दोघांचं अॅपवर बोलणं सुरू झालं. मुलगी अधूनमधून मला फोन करायची. मुलगा बरा लिहायचा म्हणे. लांबलचक नाही, पण रोज. आज काय जेवलो, कुठल्या झाडाला मोहर आला, लहानपणी सातपुड्यात मोटरसायकलवर गेलो होतो तेव्हा काय झालं. फक्त फोनवर बोलायला तयार नव्हता. लाजतो म्हणायचा. भेटीचा विषय निघाला की ड्युटी बदलायची, नाहीतर पाहुणे यायचे. एकदा तिने हट्टाने फोन लावला तर कोणीतरी उचलला, म्हातारं खोकणं ऐकू आलं आणि तो बंद झाला.

"ताई, काहीतरी लपवतात ते," ती मला म्हणाली.

मी सरांना सांगितलं. ते थोडा वेळ बोटं टेबलावर फिरवत बसले. मग म्हणाले, "आपण तिला घेऊनच जाऊ. समोरासमोर होऊ दे."

वैशाखातला दिवस होता. भाड्याच्या गाडीने आम्ही जळगावहून निघालो, एरंडोलला तिला घेतलं. तिने साधी सुती साडी नेसली होती आणि न सांगता साबण, पावडर काही लावलं नव्हतं. हायवेवर गरम वारा येत होता, म्हणून काचा वर केल्या. गाडीत मला तिचा वास येत होता, नव्या वहीसारखा. सर पुढे बसले होते.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दार उघडायला मुलाचे वडील आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पांढरा पायजमा, गळ्यात टॉवेल. गल्लीतले त्यांना आबा म्हणत होते, आम्हीही तेच म्हटलं. मुलाची आई तो लहान असतानाच गेली होती हे अॅपवर लिहिलेलं होतं. आबांनी आम्हाला बसवलं, पंखा मोठा केला, पाणी आणलं. ट्रेमध्ये एक ग्लास जास्त होता.

मुलगी बसलीच नाही. बैठकीच्या खोलीतून आत जाणारा एक बोळ होता आणि बोळात खुंटीवर एक निळा शर्ट टांगलेला होता. ती त्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिली होती. आबा काहीतरी विचारत होते, ती उत्तर देता देता मध्येच थांबली. तिचं तोंड त्या शर्टाकडे नव्हतं. ती आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघत होती. चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"ते आत आहेत ना?" तिने विचारलं.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग अगदी सहज, अहिराणीत म्हणाले, "शे ना. घरमाच शे."

सर माझ्याकडे बघत होते. मला काय विचारत होते ते मला कळलं. मी श्वास घेतला. भिंतीचा तापलेला चुना, फोडणीचं तेल, आबांच्या टॉवेलचा घाम. मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने बोळापर्यंत गेले, शर्टाच्या अगदी जवळ. कपडे धुण्याची पावडर. बाकी काही नाही.

"हा शर्ट त्यांचाच ना?" मुलीने विचारलं.

"त्याचाच. दर रविवारी धुतो मी," आबा म्हणाले. "मळका कशाला ठेवू?"

मुलीने पडदा सारला. आत एक पलंग होता, त्यावर घडी घातलेली चादर, आणि भिंतीवर फोटो. फोटोला हार होता.

आबा खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवरच. "तो आते जगमा नही शे, बेटा," ते म्हणाले. मुलाने नळ्या भरून आमच्या धुळ्यातल्या माणसाकडे दिल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत बायपासवर ट्रकने त्याला उडवलं होतं. फोन तेवढा धड परत आला होता. आबांनी तो चार्ज करून ठेवला होता, मुलाचे मित्र फोन करतील म्हणून. मग एक दिवस तो वाजला आणि पडद्यावर भरलेला गोल दिसला.

"माले वाटनं, मना पोऱ्यानं लगीन जमनं," आबा म्हणाले. "मग नही कसं म्हणू?"

ती ओरडली नाही, रडली नाही. पलंगाच्या कडेला टेकून तिने मोबाईल काढला आणि निरोप वर सरकवत एकेक विचारायला लागली. "लिंबाच्या लोणच्याचं?"

"ते मी लिखं."

"मोहराचं?"

"मीच."

"मोटरसायकलचं? सातपुड्यातलं?"

"मीच लिखं. पण तो गयथा तठे. ते खरं शे. माले येईसन सांगे."

असं बराच वेळ चाललं. ती विचारत होती, आबा खाली मान घालून सांगत होते. शेवटी तिने मोबाईल उपडा ठेवला. "म्हणजे त्यांचं मला काहीच आलेलं नाही."

"बठ्ठं मीच," आबा म्हणाले.

निघताना आबांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. तिने ती तोंडात टाकली.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडला. मग सर सीटवरून मागे वळले. त्यांचे डोळे ओले होते, पण ते दुःखाने होते असं मला आजही वाटत नाही.

"तुम्हाला वास आला ना?" त्यांनी तिला विचारलं. "शर्ट धुतलेला होता. यांना काही आलं नाही. तुम्हाला आला."

तिने खिडकीची काच खाली केली.

"मला पहिल्यापासून खात्री होती. मागच्या आठवड्यात मी एकटा येऊन गेलो. आबांनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, तरीही तिला आणतो."

मी म्हणाले, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "माणूस नसताना जुळणी राहते का, एवढंच बघायचं होतं. राहते. कसा होता वास? एवढं सांगा मला."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिने मान वळवली आणि त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाली, "नाही सांगणार, सर. तुमच्या हाती आता माझं काही लागणार नाही."

एरंडोलच्या फाट्यावर ती उतरली. सर जळगाव येईपर्यंत समोरच्या काचेकडे बघत बसले होते. ऑफिसच्या जिन्यात मला म्हणाले, "तुम्ही विचारा ना तिला. तुम्हाला सांगेल." मी विचारलं नाही.

पुढे ती स्वतःच एकदा ऑफिसात आली, आपली नळी परत मागायला. सरांनी ती फ्रिजमधून काढून दोन्ही हातांनी तिला दिली. काकू त्या वेळी डबा घेऊन आल्या होत्या आणि बाकावर बसल्या होत्या. मी मुलीला जिन्यापर्यंत सोडायला गेले, काकूही मागोमाग आल्या.

"आबा कसे आहेत, काही कळलं?" मी विचारलं.

"रोज लिहितात."

"अजून?"

"आधी मी म्हटलं, आता तुमच्या नावाने लिहा. तर दोन दिवस लिहिलं. मी बरा आहे, तू बरी आहेस का. पुढे काही सुचेना त्यांना." ती पायरीकडे बघत बोलत होती. "मग मी म्हटलं, राहू द्या. आधी लिहायचात तसंच लिहा."

"मुलाच्या नावाने?"

"हो."

ती गेली. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. मी त्यांना धुळ्याची सगळी हकीकत सांगितली. सरांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. काकूंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "तिला माहीत आहे आणि तरी चालतं तिला."

"दिसतंय तसंच."

"आणि आबांना बरं वाटतं?"

"वाटत असेल."

काकूंनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेल्या.

पावसाळा संपता संपता पुण्याच्या कंपनीचे फोन लागेनासे झाले. मग अॅपच उघडेना. थुंकीवाल्यांचं ऑफिस बंद झालं. फ्रिजमधल्या नळ्या नियमाप्रमाणे दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीत द्यायच्या होत्या. सरांनी त्या एकेक करून पिवळ्या पिशवीत ठेवल्या, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. मी दुसऱ्या एका लॅबमध्ये लागले. सर आणि काकू जळगाव सोडून चोपड्याला गेले. तिथे गावाबाहेर, केळीच्या बागेला लागून काकूंच्या भावाचं एक घर रिकामं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी चोपड्याला गेले. सकाळचं ऊन होतं, मागे सातपुडा निळा दिसत होता आणि बागेतून केळीच्या ओल्या पानांचा वास येत होता. काकू फाटकापाशीच भेटल्या. मला बघून त्यांना खूप आनंद झाला. माझे दोन्ही हात धरले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आत गेल्यावर मला काकू म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"बाई म्हण. ते तसंच म्हणतात."

मला काही कळेना. काकूंनी मला फाटकाशेजारच्या ओट्यावर बसवलं.

"इथे आल्यावर ते जेवेनासे झाले," त्या म्हणाल्या. "मी पाठ केली की बघायचे माझ्याकडे. झोपेतून उठून बघायचे. तिला कुठे ठेवलं असेल, तिचं काय केलं असेल हिने, असं. मला भीती वाटायला लागली, स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. हाडं दिसायला लागली होती. मग एका सकाळी सांगून टाकलं. म्हटलं, तुमचं खरं आहे. ती तापातच गेली. तुम्ही शुद्धीवर नव्हता, म्हणून कोणी सांगितलं नाही. मी दुसरी."

बागेत कोणीतरी पाट फोडला होता, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

"रडले," काकू म्हणाल्या. "खूप रडले गं. माझ्यासाठी इतकं कोणी रडेल असं वाटलं नव्हतं मला. मग म्हणाले, तिचं तेरावं राहिलंय. करायला पाहिजे. भावाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तो काही बोलला नाही. गुरुजी चांगले होते, त्यांनीही विचारलं नाही. माझ्या तेराव्याचा स्वयंपाक मीच केला. खीर, वडे, सगळं. त्या दिवशी ते पोटभर जेवले."

त्यांच्या अंगाला हळदीचा, धुराचा आणि त्यांचा स्वतःचा असा एक वास होता, तो जळगावला होता तोच.

आम्ही आत गेलो. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. अंगाने भरले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. पत्रिका दोन वेळा वाचली, व्याकरणाची एक चूक काढली, नवऱ्यामुलाची चौकशी केली. वासाबद्दल एक शब्द विचारला नाही. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते अर्धवट उठले.

"या बाई," त्यांनी मला त्यांची ओळख करून दिली. "माझी मिसेस गेल्यापासून यांनीच घर सांभाळलंय. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"नमस्कार, बाई," मी म्हटलं.

"नमस्कार," काकू म्हणाल्या. "साखर बरी आहे का?"

सर त्यांच्या हाताकडे बघत होते. चोरून नाही. वयात आलेला मुलगा बघतो तसं, आणि पकडले गेल्यावर त्यांनी पत्रिकेत डोकं घातलं.

निघताना काकू मला सोडायला आल्या. रिक्षा यायला वेळ होता. मी म्हटलं, "काकू, त्यांना कधीतरी कळलं तर?"

"काय कळायचंय?" त्या म्हणाल्या. मग स्वतःहून बोलायला लागल्या. "परवा संध्याकाळी दिवा लावत होते, तर मागून विचारलं त्यांनी. बाई, तुमचं लग्न झालंय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, झालं होतं."

"मग?"

"मी वात सारखी केली. मग म्हणाले, माझंही."

घरातून हाक आली, "बाई." काकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्या आत गेल्या.